अहमदाबादचे नादयंत्र

बदलीच्या गावी राहणारे आम्ही तेथील कचेऱ्या जाणतो, पण त्या गावाचा नाद क्वचितच ऐकतो. अहमदाबादचेच पाहा. चित्त शांत करणे हे संगीताचे प्रयोजन होय, हा विचार गीता साराभाई यांनी १९४६ साली न्यू यॉर्क येथे जॉन केज यांस सांगितला. पुढे केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझर उभारला.

हे यंत्र सुट्या घटकांचे असते. आंदोलक स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातील नकोसा अंश गाळतो, तिसरा घटक आवाजाचा चढउतार राखतो. तारांची जोडणी बदलली की नाद पालटतो. मंद, रेंगाळणाऱ्या संगीतासाठी आज अशी लहानशी जुळणी करू पाहणाराने प्रथम हवा तो नाद मनाशी ठरवावा. दोन आंदोलक, एक फिल्टर, त्यास सावकाश हलविणारा अतिमंद आंदोलक आणि प्रतिध्वनीची सोय, एवढ्यावर प्रारंभ होतो.

गीताबाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर रचना केल्या. १९७२ नंतर मात्र त्यांच्या ध्वनिफिती संस्थेतच विस्मृतीत पडल्या. पॉल परगस यांनी २०१७ साली त्या शोधल्या. २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. यंत्र परदेशातून आणता येते. श्रोते मात्र जवळचेच लागतात, आणि तेथेच आम्ही उणे पडलो.