मोडी, उर्दू आणि कोबोल

दोन प्रोग्रामर एकत्र आले की हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत. पहिली पाच मिनिटं पगार, पुढची पाच घराचे हप्ते आणि मग उरलेली संध्याकाळ भाषा. कुठली चांगली, कुठली भिकार आणि कुठली 'संपली'. 'संपली' हा आमच्या धंद्यातला लाडका शब्द आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी या धंद्यात आहे आणि तेवढ्यात निदान डझनभर भाषांच्या तेराव्याला जेवून आलोय. मौज अशी की यातली बरीच मयत मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बँकेत कामावर हजर असतात.

अशा बातम्यांनी मी फारसा दचकत नाही, याचं कारण मी जालन्याचा. आमच्याकडे भाषा संपताना पाहायची सवय पिढीजात आहे. देवगिरीला यादव होते तोवर मराठीला दरबारात पाट होता. ते गेले आणि फारसी आली, ती चांगली शतकानुशतकं बसली. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीला पेन्शनीत काढून उर्दूला खुर्ची दिली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचंच राज्य आटोपलं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळे निघून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव हाललं नाही, कुंडलिका नदी हालली नाही, कचेरीवरच्या पाट्या तेवढ्या बदलत राहिल्या. (त्याच १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली आणि अमेरिकेत आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. या तिघांच्या प्रगतीची तुलना आम्ही जालनेकर सहसा करत नाही.)

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, निजामाच्या तहसिलीत कारकून होते. शाळा उर्दूत झालेली, हिशेब मोडीत, पोथी बाळबोधीत, आणि भांडण मात्र शुद्ध मराठीत. दफ्तरात जुनं फारसी वळण निघालं तर तेही नडत नसे. आजकाल चार भाषा येणाऱ्या माणसाला 'फुल-स्टॅक' म्हणतात आणि त्याचा पगार कानात सांगतात. अण्णांच्या काळी त्याला कारकूनच म्हणत आणि पगार ऐकून कुणी कान पुढे करत नसे.

पुढे कॉलेजात कॉम्प्युटरच्या भाषा शिकताना मला सारखं वाटायचं, अरे, ही मंडळी तर आपल्या ओळखीची आहेत. आता 'सी' घ्या. १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली. सी म्हणजे सरळसरळ मोडी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता खाली अक्षरं सोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. वेग विलक्षण, आणि भरवसा सगळा लिहिणाऱ्याच्या अकलेवर. सीचंही तेच. तुम्ही भलत्या जागी पाय टाकलात तर ती अडवणार नाही, उलट दार उघडून देईल. एका अक्षरानं काय होतं ते आम्हा मराठी माणसांना कुणी शिकवायला नको. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत 'ध'चा 'मा' झाला अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण एका अक्षराची इतकी महाग चूक अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीच्या नावावर असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पायथन ही बाळबोध. १९९१ साली आली. ओळ किती आत सरकवायची याचेसुद्धा नियम, अगदी मास्तरांच्या कित्त्यासारखे. पोरांना पटकन येते, म्हणून म्हातारे नाक मुरडतात. जावा ही दरबारातली अर्जी. 'नमस्कार' एवढा एक शब्द पडद्यावर उमटवायचा, तर आधी क्लास, मग पब्लिक, मग स्टॅटिक, मग व्हॉइड, मग मेन, असे पाच मुजरे केल्याशिवाय साहेब वर बघत नसत. आणि जावास्क्रिप्ट? ती १९९५ साली दहा दिवसांत उभी केली आणि जावाचा बोलबाला होता म्हणून तिला ते नाव चिकटवलं. लोक विचारतात, या दोघींचं नातं काय? जालना आणि जळगावचं जे आहे तेच. पत्र चुकून तिकडे जातं, एवढंच.

आता कोबोल. हिच्याविषयी मी जरा सावरून बोलतो, कारण हिचं मीठ खाल्लंय. १९५९ साली अमेरिकेत एक समिती बसली आणि समितीनं भाषा बनवली. समितीनं बनवलेली कुठलीही गोष्ट दिसते तशीच ती दिसते. हेतू असा की कार्यक्रम इंग्रजी वाक्यांसारखा असावा, म्हणजे साहेबालाही वाचता येईल. साहेबानं तो कधी वाचला नाही, ही गोष्ट वेगळी. कोबोलचे चार 'डिव्हिजन' असतात: आधी स्वतःची ओळख, मग परिसर, मग मालमत्तेची यादी आणि सगळ्यात शेवटी काम. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तहसील कचेरीत आल्यासारखंच वाटलं.

१९९८ साली मी सी शिकून, छाती फुगवून पुण्यात नोकरीला लागलो. तिथं पहिल्याच दिवशी हातात कोबोलचं जाडजूड पुस्तक ठेवलं. कॉलेजात जिला 'संपली' म्हणून शिकवलीही नव्हती, तिच्यावर आमच्या पिढीची घरं उभी राहिली. कारण, २००० साल. पूर्वी पंचकार्डावर ८० रकाने असत. तेव्हा जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहीत. १९ गृहीत. साठ साली लिहिणाऱ्याला वाटलं असेल, आपला कार्यक्रम चाळीस वर्षं कोण चालवणार? चालवला. आणि '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना, म्हणून जगभरच्या बँका आणि विमा कंपन्या हातात पैसे घेऊन कोबोलवाले शोधत निघाल्या.

घरी येऊन हे अण्णांना सांगितलं. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. त्यांची सगळी नोकरीच या भानगडीत गेलेली. निजामाच्या महसुलाचा कारभार फसली सनात चालायचा. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन हाती येतो. पण फसली वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, त्यामुळे काही महिने ५९० आणि काही महिने ५९१. त्यात वर हिजरी आणि शके आहेतच. जमिनीच्या दाव्यात असा एक वर्षाचा घोळ झाला तर भावाभावांची डोकी फुटायची. "तुमच्या बँकेत फुटतात का?" एवढं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता संपली.

अण्णांची उर्दू मात्र १९४८ नंतर जवळजवळ बिनकामाची झाली होती. साहेब नवे, फायली मराठीत. वर्षातून एखादा शेतकरी पिवळा कागद घेऊन घरी यायचा, अण्णा चष्मा लावून वाचून दाखवायचे आणि आजी त्याला चहा करायची. मोबदल्यात हिवाळ्यात हुरडा यायचा. अण्णा गेले तेव्हा आम्हा नातवंडांपैकी एकालाही तो कागद वाचता येत नव्हता. त्याची गरजच काय, असं सगळ्यांना वाटत होतं.

गरज निघाली. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालं. आरक्षणाविषयी मी इथं मत देणार नाही, त्यासाठी गावोगाव चहाच्या टपऱ्या आहेत. पण सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. दफ्तरं उघडली. आत मोडी, उर्दू, फारसी. आता वाचणार कोण? जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडीवाले आणि उर्दूवाले जाणकार शोधणं सुरू झालं. खापरपणजोबांच्या नावापुढे कुणी काय दोन अक्षरं लिहिली होती, यावर आज कुणाच्या मुलाचा दाखला अडकलेला. ज्या लिपीला केव्हाच निरोप दिला, तिच्या जाणकारापुढे आता माणसं अदबीनं उभी.

मला लगेच न्यू जर्सी आठवलं. एप्रिल २०२० मध्ये करोनात लाखो माणसं कामावरून घरी बसली, बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि तिथली चाळीस वर्षांची जुनी यंत्रणा गुदमरली. तेव्हा राज्याच्या गव्हर्नरांनी टीव्हीवर येऊन कोबोल येणाऱ्यांना मदतीला या म्हणून साद घातली. निवृत्त म्हाताऱ्यांना. मी तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पोरांकडे नुसतं बघितलं. बोललो काही नाही.

तरी कोबोल आणि मोडीचं बरं आहे, ती वाचणारा निदान सापडतो. खरी पंचाईत मधल्या काळाची. १९९१ सालीच देवनागरीसाठी भारतीय प्रमाणसंकेत होता आणि युनिकोडही निघालं होतं. पण नव्वदच्या दशकात डीटीपीच्या दुकानात ते विचारतो कोण? ज्या त्या फॉण्टवाल्याची बाराखडी स्वतःची. एकाचा 'क' दुसऱ्याकडे गेला की त्याचा उद्गारचिन्हाला पाय फुटलेला एखादा प्राणी व्हायचा.

अण्णांची मोडीतली एक वही आमच्याकडे आहे. घरच्या जमिनीचे, देण्याघेण्याचे आणि वंशावळीचे तपशील. पुढच्या पिढीला वाचता यावी म्हणून १९९७ साली वडिलांनी अण्णांना शेजारी बसवून ती सगळी बाळबोधीत उतरवून घेतली, कॉम्प्युटरवर टाइप करून आणली आणि फ्लॉपीत जपून ठेवली. कागदाची प्रत घरबदलात गेली. फ्लॉपी आहे. गेल्या दिवाळीत पुतण्यानं कुठून तरी फ्लॉपीचं यंत्र पैदा केलं. फाइल उघडली आणि पडद्यावर नुसते ठिपके, चौकोन आणि उद्गारचिन्हं नाचू लागली. असे फॉण्ट उलटवणारे कार्यक्रम मिळतात, पण त्यासाठी फॉण्टचं नाव माहीत लागतं. ते दुकान आता नाही, दुकानदारही नाही.

वही मात्र कपाटात होती. शाई थोडी तपकिरी झालीय, एवढंच. आता एका मोडीच्या जाणकारांना दाखवलीय. ते म्हणाले, हात सुवाच्य आहे, अडचण नाही. त्यांचा दर पानावर आहे. पानं २११ भरली.