जुनी पिकअप घेताना : आधी कागद, मग चेसिस, शेवटी किंमत

अकोला, प्रतिनिधी : कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्री यांवर उभ्या असलेल्या वऱ्हाडाच्या बाजारपेठेत बैलगाडीची जागा मालवाहू पिकअपने केव्हाच घेतली आहे. पहाटे अमरावती किंवा अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारात गेल्यास एमएच-२७ आणि एमएच-३० क्रमांकाच्या डिझेल गाड्यांची रांग दिसते. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. शेतीला जोडधंदा म्हणून भाड्याची गाडी चालवू पाहणारा तरुण, भाजीचा ठोक व्यापारी, किराणा दुकानदार किंवा लहान कंत्राटदार यांची पावले साहजिकच जुन्या गाडीकडे वळतात. परंतु बोलणी सुरू होतात ती थेट किमतीपासून. गाडी कोणाच्या नावावर आहे, तिने आजवर काय वाहिले आणि ती कोणत्या रस्त्यावर धावली, हे प्रश्न मागे पडतात. जुन्या गाडीचा सौदा फसतो तो बहुधा याच ठिकाणी.

कोणती गाडी कोणत्या कामाची?

जुन्या बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारच्या गाड्या दिसतात. १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७ ही यातील सर्वांत थोराड. अवजड माल आणि कच्चा रस्ता यांसाठी ती आजही पसंत केली जाते. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजेच आपला ‘छोटा हत्ती’, शहरातील अरुंद गल्ल्यांसाठी सोयीची. मात्र तिची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. या दोहोंच्या मधली जागा महिंद्रा बोलेरो पिकअप आणि २०११ नंतर अशोक लेलँड दोस्त यांनी भरून काढली. गावातून बाजार समितीपर्यंत टन-दीड टन माल नेणाऱ्यासाठी हा मधला गट उपयुक्त ठरतो.

गाडी निवडताना तिचे एकूण भारित वजन नोंदणी पुस्तकात पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ३,००० किलोपर्यंत भारित वजन असलेल्या मालवाहू वाहनाला परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही. त्यापुढे तो लागतो. एकाच नावाच्या पिकअपचे काही प्रकार या मर्यादेच्या आत, तर काही बाहेर असतात. त्यामुळे केवळ नावावर विसंबून राहू नये. चालकाच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंत भारित वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे.

कोऱ्या फॉर्मवरील सह्या

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात एक घातक प्रथा रूढ आहे. विक्रेता हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो, खरेदीदार ‘नाव नंतर चढवू’ म्हणतो आणि गाडी त्याच सह्यांवर दुसऱ्या, तिसऱ्या हातात जाते. नोंदणी पुस्तकावर नाव मात्र मूळ मालकाचेच राहते. मधल्या काळात अपघात झाला तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात दिले आहे. त्या प्रकरणात गाडी एकाहून अधिक हातांत गेली होती. पण नोंद बदललेली नव्हती. भरपाईची जबाबदारी नोंदणी पुस्तकावर नाव असलेल्या मालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले. वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीपायी घरावर बोजा येऊ शकतो, एवढा त्याचा साधा अर्थ आहे.

खरेदीदारही सुरक्षित नसतो. नाव नसलेल्या गाडीवर त्याला कर्ज मिळत नाही आणि स्वतःच्या नुकसानीचा विमादावा अडकतो. मूळ मालकाचे निधन झाल्यास सह्यांचे ते कागद निरुपयोगी होतात आणि वारसांच्या दारी खेटे घालावे लागतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे आवश्यक आहे. त्यासाठी फॉर्म क्रमांक २९ आणि ३० भरावे लागतात. गाडी दुसऱ्या कार्यालयाकडे नोंदलेली असल्यास फॉर्म २८ नुसार ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे किंवा वित्त कंपनीचे पत्र देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. ‘कर्ज फिटले आहे’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. नोंदणी पुस्तकावरील बोजाची नोंद पुसली गेली पाहिजे.

बऱ्हाणपूर किंवा बैतूलकडून आलेली गाडी स्वस्त वाटते. परंतु मध्य प्रदेशचा क्रमांक असलेल्या गाडीला तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि नवा क्रमांक हा सारा खर्च व कालावधी धरावा लागतो. अकोल्याची गाडी अमरावतीकराने घेतली तर मात्र एमएच-३० हा क्रमांक बदलत नाही.

सौद्यापूर्वी परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर क्रमांक टाकून मालकाचे नाव, बोजा, कर, फिटनेस आणि विम्याची मुदत तपासावी. थकीत ई-चलनेही पाहावीत. मालवाहू गाडीला ८ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. ते संपलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने वैधरीत्या नोंदलेली समजली जात नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली आहे काय, हेही पाहावे. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावे वर्ग करून घ्यावा. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत नव्या मालकाला मिळत नाही, हे लक्षात घेऊन हप्त्याचा हिशेब करावा.

गाडीने काय वाहिले?

कागद स्वच्छ असल्याची खात्री पटल्यावरच गाडीकडे वळावे. येथे पहिला प्रश्न किलोमीटरचा नव्हे, तर मालाचा. किलोमीटरचे आकडे फिरवता येतात. चेसिसवरील खुणा सहसा लपत नाहीत. कापूस वाहणारी गाडी उंच भरते, पण तुलनेने हलकी भरते. रेती, सिमेंट आणि लोखंड वाहणाऱ्या गाडीची हाडे खिळखिळी होतात. रासायनिक खते वाहिलेल्या गाडीचा हौदा आणि फाळका खालून गंजतो. ओली रेती वाहिलेल्या गाडीचे पाणी चेसिसवर ठिबकत राहते.

मागच्या पाट्यांत कंपनीने दिलेल्यापेक्षा जादा पाटा घातलेला असेल, तर गाडी सातत्याने क्षमतेपेक्षा जास्त भरली गेली, असे समजण्यास हरकत नाही. चेसिसवर वेल्डिंगचे जोड, नव्या रंगाचे पट्टे किंवा रिबिटांभोवती बारीक तडे दिसल्यास सौदा तेथेच थांबवावा. इंजिन दुरुस्त होते. वाकलेली चेसिस पूर्ववत होत नाही. इंजिन आणि चेसिस क्रमांक स्वतः वाचून नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. क्रमांक खरवडलेला वा पुन्हा ठोकलेला वाटल्यास गाडीला हात लावू नये.

ती कोणत्या रस्त्यावर धावली, हेही विचारावे. अमरावती-अकोला महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आताचा ५३, याच्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचे डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम नोंदवला गेला. त्याआधी कित्येक वर्षे हाच रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. त्या काळात बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला अशा रोजच्या फेऱ्या केलेल्या गाडीचे पाटे, बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंगचे सांधे बारकाईने तपासावेत. परतवाड्याहून चिखलदरा, सेमाडोह, धारणी अशा मेळघाटातील वाटांवर राबलेल्या गाडीत क्लच आणि ब्रेक आधी पाहावेत.

इंजिनाची परीक्षा

गाडी पाहायला सकाळी आणि न सांगता जावे. इंजिन थंड असतानाच त्याचे खरे रूप कळते. विक्रेत्याने आधीच गाडी तापवून ठेवली असल्यास शंका घ्यावी. सुरू करताना क्षणभर दिसणारा पांढरा धूर स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो निघत राहिला, तर पाणी ज्वलनकक्षात जात असण्याची शक्यता असते. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर किंवा खराब इंजेक्टर असू शकतो.

इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडावे. तेथून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर रिंग-पिस्टन झिजले आहेत. ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास हेड गॅस्केटवर संशय घ्यावा.

रिकामी गाडी चालवून पाहणे ही अर्धीच परीक्षा. शक्य असल्यास क्षमतेएवढा माल भरून पाच-दहा किलोमीटर चालवावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट संपली आहे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर ब्रेक किंवा पुढची बैठक दुरुस्त करावी लागेल. टायरच्या नक्षीबरोबर त्यावरील चार अंकी आकडाही वाचावा. पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा.

उत्सर्जनाचे निकष हा आणखी एक मुद्दा. देशभरात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. यांत्रिक पंपाची जुनी गाडी तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही दुरुस्त करतो. कॉमन रेल इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि दोष शोधणारे यंत्र लागते. बीएस-६ च्या अनेक गाड्यांत धुरातील काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो मोकळा होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. दिवसभर शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. ज्या गाड्यांत युरियाचे शुद्ध द्रावण भरावे लागते, तेथे शेतातील युरिया पाण्यात कालवून ओतण्याचा प्रयोग महागात पडतो.

खारे पाणी, काळी माती, ऊन

निगराणीच्या बाबतीत वऱ्हाडाचे तीन शत्रू आहेत. पहिला खारे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, बाळापूर या भागांत बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतल्यास आत क्षारांचे थर बसतात आणि इंजिन तापू लागते. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरावे. याच पाण्याने गाडी धुतल्यास चेसिस गंजते; शेवटी गोड्या पाण्याचा फवारा मारणे हिताचे.

दुसरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती चाकांच्या आतल्या भागात आणि पाट्यांत घट्ट बसते, ओल धरून ठेवते आणि ग्रीस खाऊन टाकते. चिखलातून आल्यावर गाडी खालून धुवावी आणि ग्रीसिंग लवकर करावे. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी या दिवसांत वेळोवेळी काढून टाकावे.

तिसरा शत्रू ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तंतू उन्हाळ्यापूर्वी साफ केले नाहीत, तर हवा जाण्यास वाट उरत नाही. फॅन बेल्ट आणि पाण्याचे पाईप फाल्गुनातच तपासावेत. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. कमी हवा, जास्त माल आणि तापलेले डांबर हे टायर फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. जादा भार तसाही परवडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्यासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

इंजिन ऑईल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावेत. धुळीच्या रस्त्यावर त्याहूनही लवकर. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर आणि खर्च एका वहीत लिहून ठेवावा. पुढे गाडी विकताना ही वही नव्या रंगापेक्षा अधिक भाव मिळवून देते.

किंमत सर्वांत शेवटी

आता किमतीकडे यावे. टायर, बॅटरी, क्लच, पाटे, फिटनेस, विमा, कर, नाव हस्तांतर यांपैकी पहिल्या तीन महिन्यांत जे करावे लागणार आहे, त्याची मिस्त्रीकडून यादी करून घ्यावी. ती रक्कम विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत मिळवावी. दोन गाड्यांची तुलना या बेरजेवर करावी. स्वस्त वाटलेली गाडी पुष्कळदा येथेच महाग ठरते. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. काही भाग नाव चढेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे कागदावर लिहून घ्यावे. विक्रेत्यानेही गाडीचा ताबा देताना तारीख आणि वेळ नमूद केलेली पावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्याची पोच स्वतःजवळ ठेवावी.

हंगाम तोंडावर असताना गाडीची घाई होते, हे खरे. परंतु संत्र्याचा एक बहर गाडीविना निघू शकतो. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीने केलेल्या अपघाताचा दावा मात्र अनेक हंगाम पुरतो. नोंदणी पुस्तकावर स्वतःचे नाव पाहिल्यावरच गाडी आपली झाली, असे समजावे.