अमेरिकेतील सायडर

सायडर हे सफरचंदाच्या रसाचे पेय आहे. युरोपात या नावाने आंबवलेले, मद्यार्कयुक्त पेय ओळखले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. न गाळलेल्या व न आंबवलेल्या ताज्या रसाला ‘सायडर’ किंवा ‘स्वीट सायडर’ म्हणतात, तर आंबवलेल्या पेयाला ‘हार्ड सायडर’ म्हणतात. पहिले पेय लहान मुलेही पितात. दुसऱ्याची गणना मद्यात होते. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१० मध्ये सायडरला अधिकृत राज्यपेयाचा दर्जा दिला.

निर्मिती

सफरचंदे धुऊन व दळून त्यांचा लगदा करतात. पारंपरिक पद्धतीत हा लगदा कापडात गुंडाळून लाकडी चौकटींच्या थरांत रचतात आणि दाबयंत्राने त्याचा रस काढतात. हवेतील ऑक्सिजनमुळे रसाला तपकिरी रंग येतो. रस तसाच ठेवल्यास किण्वामुळे (यीस्ट) त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. पुढे हवेच्या संपर्कात जिवाणूंच्या क्रियेने त्याचा शिरका (व्हिनेगर) बनतो.

इतिहास

सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी न्यू इंग्लंड प्रदेशात सफरचंदाच्या बागा लावल्या. बियांपासून वाढवलेल्या झाडाला मूळ झाडासारखे फळ येत नाही. ते बहुधा आंबट किंवा तुरट निघते. अशी फळे सायडरसाठी उपयोगी पडत. ‘जॉनी ॲपलसीड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जॉन चॅपमन (१७७४–१८४५) यांनी पेनसिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना या भागांत बियांपासून सफरचंदाच्या रोपवाटिका उभ्या केल्या. कलम करण्यास त्यांचा विरोध होता.

१८४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांना हिणवण्यासाठी विरोधकांनी ‘लाकडी झोपडी व हार्ड सायडर’ यांचा उल्लेख केला. समर्थकांनी तीच प्रचाराची चिन्हे केली आणि हॅरिसन विजयी झाले. पुढे मद्यपानविरोधी चळवळ, जर्मन स्थलांतरितांबरोबर वाढलेला बिअरचा प्रसार आणि १९२० ते १९३३ या काळातील देशव्यापी दारूबंदी यांमुळे हार्ड सायडर मागे पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे पुनरुज्जीवन सुरू झाले. २०१५ च्या कायद्याने करआकारणीतील सायडरच्या व्याख्येची मद्यार्कमर्यादा ७ वरून ८.५ टक्क्यांपर्यंत वाढवली.

शरद ऋतूतील उत्सव

सफरचंदांची तोडणी मुख्यतः सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये होते. या काळात कुटुंबे बागांत जाऊन स्वतः फळे तोडतात आणि सायडर मिलमध्ये ताजा रस व सायडर घातलेले डोनट घेतात. पेनसिल्व्हेनियाच्या ॲडम्स काउंटीत ऑक्टोबरमध्ये सफरचंद-हंगामाचा महोत्सव भरतो. वेस्ट व्हर्जिनियातील बर्कली स्प्रिंग्ज येथील उत्सव ‘ॲपल बटर’साठी प्रसिद्ध आहे. नावात लोणी असले तरी हा पदार्थ म्हणजे सफरचंदाचा गर बराच वेळ आटवून केलेला घट्ट मुरंबा होय. ओहायोतील सर्कलव्हिल येथे १९०३ पासून भोपळ्याचा उत्सव चालत आला आहे.

सुरक्षितता

जमिनीवर पडलेल्या फळांना जनावरांच्या शेणाचा संसर्ग होऊ शकतो. १९९६ मध्ये पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदरसातून ई. कोलाय जिवाणूंचा प्रादुर्भाव झाला. त्यात अनेक जण आजारी पडले व एका बालिकेचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९८ मध्ये अशा रसाच्या वेष्टनावर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक करण्यात आले. लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना या रसापासून विशेष धोका संभवतो. रस उकळल्यास हे जिवाणू मरतात.