नैसर्गिक वायू गाळणारे पटल: ग्रॅहमच्या रबरापासून नॅनोनलिकांपर्यंत

भूगर्भातून येणारा नैसर्गिक वायू थेट शेगडीपर्यंत नेता येत नाही. त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे इंधनाचा कस घटतो आणि ओलावा असल्यास पोलादी पाइपलाइन गंजते. अमाइनच्या द्रावणाने तो शोषून घेता येतो. परंतु ते द्रावण पुन्हा वापरण्यासाठी तापवावे लागते. पॉलिमरच्या पटलाचे काम मात्र दाबातील फरकावर भागते.

ही कल्पना जुनी आहे. रबरी फुग्यांतून निरनिराळे वायू निरनिराळ्या वेगाने निसटतात, हे फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांनी 1831 मध्ये नोंदवले. 1866 मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी त्याचे कारण सांगितले: वायू आधी रबरात विरघळतो आणि मग त्यातून झिरपत पलीकडे जातो. तथापि जाड पटलातून हा प्रवास फार संथ होतो. ती अडचण 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे सुटली. सिडनी लोब आणि भारतातून तेथे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटचे पटल घडवले. त्याच्या वरच्या बाजूस सायीसारखा अतिपातळ गाळणारा थर होता व खाली सच्छिद्र आधार. याच रचनेची पटले 1980 च्या दशकात नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणासाठी वापरात आली.

पुढे 1991 मध्ये दोन गोष्टी घडल्या. पॉलिमर पटलातून वायू जाण्याचा वेग वाढला की त्याची निवडक्षमता घटते, हे लॉइड रोबसन यांनी असंख्य मोजमापांच्या आधारे दाखवले आणि त्याची एक मर्यादारेषा आखली. त्याच वर्षी जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. 2 नॅनोमीटरहून अरुंद नलिकांतून वायू प्रचलित सूत्राच्या अंदाजापेक्षा दहापटीहून अधिक वेगाने वाहतो, असे 2006 मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत आढळले. अशा नलिका पॉलिमरमध्ये मिसळल्या की रोबसनची रेषा ओलांडता येईल, ही आशा त्यामुळे बळावली.

आता आकडे पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास सुमारे 0.33 नॅनोमीटर, मिथेनचा 0.38. एक नॅनोमीटर रुंदीच्या नलिकेतून दोघेही आरामात जातात. म्हणजे नलिका वेग देते. निवड पॉलिमरलाच करावी लागते. शिवाय पॉलिमर नलिकेला नीट चिकटला नाही, तर मधल्या फटीतून मिथेन निसटतो. नलिकांचे गुच्छ झाले, तर पातळ थरात दोष राहतात. म्हणूनच नलिकांच्या पृष्ठभागावर रासायनिक गट जोडून त्यांचे पॉलिमरशी नाते जुळवण्यावर संशोधकांचा इतका भर असतो.

आपल्या देशात 2018 च्या ‘सतत’ योजनेपासून शेण व शेतीतील अवशेषांपासून मिळणाऱ्या संपीडित बायोगॅसवर भर आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये सुमारे 40 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ‘रोबसनची रेषा ओलांडली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा. पटल किती जाड होते? चाचणी शुद्ध वायूंवर झाली की दाबाखालील मिश्रणावर? आणि ते किती दिवस टिकले? ग्रॅहमच्या शोधापासून कारखान्यापर्यंतचे शतकभराचे अंतर याच प्रश्नांनी भरलेले होते.