हाली, कलदार आणि कॅसेटची पेटी

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, पण निजामाचे नाणे त्या दिवशी बाजारातून उठले नाही. हाली आणि कलदार अशी दोन्ही चलने आमच्या मराठवाड्यात पुढे काही वर्षे शेजारी शेजारी चालत होती. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशेब मोंढ्यातल्या थोरल्या मंडळींना तोंडपाठ असे. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे हे सगळे ऐकीव. पण इतिहास शिकवताना मला त्याचा फार उपयोग झाला. जुने संपले आणि नवे सुरू झाले असे पाठ्यपुस्तकात एका ओळीत छापलेले असते. प्रत्यक्षात मधे एक दोन बटव्यांचा काळ असतो, आणि त्या काळातल्या माणसाला दोन्ही बटवे सांभाळावे लागतात.

असा एक दोन बटव्यांचा काळ मी स्वतः पाहिला, तो कॅसेट आणि सीडीचा. त्या काळाची निशाणी अजून आमच्या टीव्हीखाली आहे. एकाच पेटीत डावीकडे व्हीएचएस कॅसेटचे तोंड आणि उजवीकडे डीव्हीडीचा ट्रे. २००४ च्या दिवाळीत परभणीहून आणली. ती का घेतली असे घरातली नवी मंडळी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओ हा शब्द आमच्या मानवतला आला तो यंत्राचे नाव म्हणून नव्हे, कार्यक्रमाचे नाव म्हणून. "आज गणपतीपुढे व्हिडिओ आहे" असे लोक म्हणत. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झाले, नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झाले, आणि मोठ्या शहरांतून रंगीत टीव्ही दिसू लागले. आमच्याकडे ही हवा पोचायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. मग रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा असा संच एका रात्रीच्या भाड्याने मिळू लागला. गल्लीत वर्गणी काढायची, हातगाड्यावर गादी अंथरून त्यावरून टीव्ही आणायचा, आणि रात्री नवापासून उजाडेपर्यंत तिन्ही सिनेमे बघायचे, कारण भाडे भरलेले! मधेच चित्रावर मुंग्या आल्या की तो व्हिडिओवाला पोरगा झाकण काढून, स्पिरिट लावलेल्या कागदाने हेड पुसून देई. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला माझा निम्मा वर्ग पेंगत असे. मी रागावत नसे. मीही तिथेच मागे बसलेलो असे.

कॅसेटींचेही दोन पंथ होते. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. बीटाचे चित्र सरस असे जाणकार म्हणत. पण भाड्याच्या दुकानात जी कॅसेट मिळते तिचेच यंत्र माणूस घेतो, आणि आमच्याकडच्या दुकानात व्हीएचएसच मिळे. ई-१८० या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत असते आणि ती तीन तास चालते. अख्खा हिंदी सिनेमा, गाण्यांसकट, एका कॅसेटमध्ये! पुढे व्हीसीडी आली (हे तंत्र १९९३ चे), तिच्यात ७४ मिनिटेच मावत. त्यामुळे मध्यंतराला उठून सीडी बदलायची वेळ आली. चित्रही कॅसेटपेक्षा फार चांगले नव्हते. तरी व्हीसीडी चालली, कारण ती स्वस्त होती आणि रिवाइंड करावी लागत नसे. खरी सुधारणा म्हणावी ती डीव्हीडी. तीही पुढे मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा तालुक्याच्या गावातली कॅसेटची दुकाने बघता बघता मोबाइल रिचार्जची दुकाने झाली.

पण मी परभणीला गेलो तेव्हा हे सगळे पूर्ण व्हायचे होते. घरातला जुना व्हीसीपी (म्हणजे नुसता दाखवणारा, टेप न करणारा) हेड झिजून बंद पडला होता आणि कपाटात वीस-बावीस कॅसेटा होत्या. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, कॅसेटचा जमाना गेला. नुसता डीव्हीडी प्लेअर याच्या तिसऱ्या हिश्शात येतो. कशाला घेता हे?"

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. (शिक्षकाची खोड!)

पहिला प्रश्न जोडणीचा. आमच्या टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल अशी वायर लावायची जागा एकच होती. दोन वेगळी यंत्रे घेतली तर दर वेळी टीव्ही पुढे ओढून मागच्या वायरी बदला. आमच्या सौभाग्यवतींनी तो उद्योग एकदाही केला नसता. एका पेटीतून एकच वायर येते आणि रिमोटवरच्या बटणाने कॅसेट की डीव्हीडी ते ठरते. इथे पेटीने निम्मी लढाई जिंकली.

दुसरा प्रश्न भाच्याचा. तो न्यू जर्सीला असतो आणि तिकडून कॅसेटा पाठवी. आपल्याकडची पद्धत पाल, ६२५ रेघांची. अमेरिकेतली एनटीएससी, ५२५ रेघांची. आमच्या जुन्या व्हीसीपीवर त्याच्या मुलाचा वाढदिवस नुसता आडवा वाहत जाई. नवी पेटी दोन्ही पद्धतींच्या कॅसेटा दाखवते, हे मी दुकानात कॅसेट घालून, डोळ्यांनी पाहून घेतले. डीव्हीडीत तर आणखी एक भानगड होती. जगाचे विभाग पाडलेले, अमेरिका पहिला आणि आपण पाचवा, एका विभागाची विकतची डिस्क दुसऱ्यात चालायची नाही. सिनेमाला व्हिसा लागतो हे मला तेव्हा कळले.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. कॅसेटवरचे डिस्कवर उतरवता येते का? उत्तर, नाही. पुष्कळांचा इथे गैरसमज असे, की दोन्ही एकाच पेटीत आहेत म्हणजे इकडचे तिकडे होत असणार. तसे नसते. एका वाड्यात दोन भाडेकरू राहावेत, दार एक पण चुली वेगळ्या, असा तो संसार. विकतची डीव्हीडी कॅसेटवर उतरवायला जावे तर तिच्यातल्या संरक्षक खुणेमुळे चित्र उजळते, विझते, पुन्हा उजळते. कॅसेटवरून डिस्क करणारी पेटीही निघाली होती, पण तिची किंमत ऐकून मी पाणी मागितले.

वीज जाण्याचा प्रश्न मी लिहून नेला नव्हता, तो घरी आल्यावर सुटला. त्या वर्षांतले भारनियमन आठवत असेलच. वीज गेली आणि दोन तासांनी आली की आमच्याकडची डीव्हीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कॅसेट मात्र जिथे थांबली तिथेच उभी असे. फीत कुठे जाणार?

तर तिप्पट पैसे देऊन ती पेटी घेतली. सिनेमासाठी घेतली नाही. वीस-बावीसपैकी एका कॅसेटसाठी घेतली.

ती कॅसेट धाकटीच्या लग्नाची, मे १९९१ ची. त्या काळातल्या लग्नाच्या कॅसेटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की शूटिंगवाला घरी जाऊन सगळा मूळ आवाज पुसून टाकी आणि वर सिनेमाची गाणी घाली. भटजींचे ओठ हलताहेत आणि मागे शहनाई नाहीतर लता मंगेशकर. आमच्याही कॅसेटमध्ये तेच आहे. फक्त आदल्या दिवशी हळद दळतानाचा चार मिनिटांचा तुकडा त्याच्या हातून तसाच राहिला. गाणे टाकायला विसरला की टाकावेसे वाटले नाही, कोण जाणे. जात्याला हळदीकुंकू लावलेले आहे, प्रखर दिव्याने बायकांचे डोळे मिचमिचलेले आहेत, आणि माय ओव्या म्हणते आहे. माय १९९७ ला गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. चित्र मधल्या पट्ट्यात तिरप्या रेघांनी लिहिलेले असते, आणि साध्या कॅसेटमध्ये आवाज असतो अगदी कडेला, एक मिलिमीटरच्या पट्टीत. फीत चुरगळली, यंत्राने खाल्ली, ओल आली, तर बहुधा आधी कड जाते. म्हणजे मायचे तोंड दिसत राहील आणि आवाज जाईल, अशी ती रचना. हे मला कळले त्या दिवसापासून ती कॅसेट मी वर्षातून एकदाच लावतो, आणि ती उभी ठेवतो, आडवी नाही.

२००६ साली एका स्टुडिओतून तिच्या पाच डिस्क करून आम्हा पाचही भावंडांच्या घरी दिल्या. सगळ्यांना वाटले, झाले, आता कायमचे झाले. २०१९ पर्यंत त्यातल्या तीन डिस्कनी दम तोडला. विकतच्या डिस्कमध्ये खड्डे कारखान्यातच ठशाने पाडलेले असतात, ते टिकतात. घरी-दुकानात केलेल्या डिस्कमध्ये मजकूर असतो तो रंगाच्या पातळ थरात, लेझरने भाजून उमटवलेला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो रंग उडायला बारा-तेरा वर्षे पुरली. आणि जिचा जमाना गेला होता ती १९९१ ची कॅसेट मात्र चालू आहे! कलदार बुडाले आणि हाली टिकले, असे काहीसे.

अर्थात कॅसेट टिकून भागत नाही, ती वाचणारे यंत्र हवे. व्हीसीआर करणारी जगातली शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ ला ते बंद केले, कारण सुटे भाग मिळेनात. आमच्या पेटीतला एक रबरी पट्टा ताठरला आहे, कॅसेट आत घेताना ती म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात नातवाने एक छोटे उपकरण मागवले, पेटीची तीच पिवळी-पांढरी-लाल वायर लॅपटॉपला जोडली आणि सगळ्या कॅसेटा उतरवून घेतल्या. त्यात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. आता त्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि दर दोन वर्षांनी नव्या जागी हलवायच्या असे नातवाने बजावले आहे.

मायच्या ओव्या म्हणजे काही जगावेगळ्या नाहीत. गी पॉत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचा आवाज त्यांच्या चमूने टेप केला, तो आता परीच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. माजलगाव इथून किती लांब? पाथरी ओलांडली की आलेच. ते टेप यंत्र आमच्या गल्लीपर्यंत आले नाही. आले ते लग्नाचे शूटिंग करणाऱ्या पोराचे.

एक काम मात्र राहिले आहे, आणि ते तुम्हा नातेवाईक मंडळींचे आहे. त्या चार मिनिटांत मायच्या मागोमाग दुसरी एक बाई ओवी उचलते. आवाज बारीक, पण मायपेक्षा खणखणीत. तिचा फक्त जात्याच्या खुंट्यावरचा हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर गोंदण. आक्का म्हणते, ती सेलूची मावशी. धाकटी म्हणते, मावशी हळदीला आलीच नव्हती, ही शेजारची कुणी असावी. तो तुकडा आजच सगळ्यांना पाठवला आहे. सेलू आणि जिंतूरकडच्या मंडळींनी तो घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला, आवाज मोठा करून, एकदा ऐकवावा, आणि काय म्हणतात ते मला फोनवर सांगावे.