उभ्या गाडीचे एंजिन

मंडळी, तिरोडा तालुक्यातील चोरखमाऱ्याचा तलाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९२३ साली तो पुरा झाला. तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. बांधी भरली की पाणी तोडायचे. भरल्या बांधीत पाणी सोडत राहणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी नाल्याला घालणे. मग हेच शहाणपण मोटारीच्या बाबतीत आपण का बरे विसरतो? रेल्वेचे फाटक पडते, दोन्ही अंगांना गाड्यांची रांग लागते आणि चाक तसूभर हलत नसताना एंजिने मात्र धडधडत राहतात!

गाडी उभी राहिली की एंजिन आपोआप बंद व्हावे आणि निघायच्या वेळी आपोआप सुरू व्हावे, अशी सोय आता पुष्कळ गाड्यांत असते. ही युक्ती नवी वाटली तरी तिला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. आणि गंमत पाहा, एंजिन बंद करण्याचा हा इतिहास म्हणजे खरे तर एंजिन पुन्हा सुरू करण्याचा इतिहास आहे.

कसे ते सांगतो. आरंभीच्या मोटारींना समोरून लोखंडी हॅण्डल घालून फिरवावे लागे. एंजिनने उलटा झटका दिला तर माणसाचे मनगट मोडे. अशा वेळी चालू एंजिन मुद्दाम बंद कोण करणार? १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हॅण्डलचे दिवस संपू लागले. आपल्याकडे ते लवकर संपले नाहीत, बरं का! १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. त्यानंतरही कित्येक वर्षे ट्रक आणि जीपगाड्यांबरोबर हॅण्डल असायचेच. बॅटरी उतरली की हॅण्डल मारा, नाहीतर उतारूंना खाली उतरवून गाडी ढकला. ‘चालू आहे ते बंद करू नये’ ही ड्रायव्हरची सवय आळसातून आली नव्हती, अनुभवातून आली होती.

या सवयीला पहिला मोठा धक्का १९७३ साली बसला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्या देशातही पेट्रोल महागले. दरवाढीचा निषेध म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. सगळे तेल बाहेरून आणणाऱ्या जपानची अवस्था तर फारच बिकट झाली. १९७४ साली तेथील टोयोटा कंपनीने ‘क्राऊन’ मोटारीला एक यंत्रणा बसवली. गाडी थांबून दीड सेकंद झाला की एंजिन बंद. टोकियोच्या गर्दीत केलेल्या चाचणीत सुमारे १० टक्के इंधन वाचले.

पुढे युरोपात फियाट आणि फोक्सवॅगन या कंपन्यांनीही असे प्रयोग केले. पण गिऱ्हाईक भुलले नाही. ऐन चौकात एंजिन बंद पडले आणि परत लागलेच नाही तर, ही धास्ती! ती दूर व्हायला तीन गोष्टी लागल्या. वारंवार चालवला तरी न झिजणारा स्टार्टर, पुन्हा पुन्हा भार सोसणारी बॅटरी आणि नेमके इंधन सोडणारी विजेच्या नियंत्रणाची पद्धत. २००९ साली माझ्दा या जपानी कंपनीने ०.३५ सेकंदात पुन्हा सुरू होणारे एंजिन आणले. डोळ्याची पापणी लवते न लवते एवढाच हा वेळ.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. १९४७ मध्ये मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू करणाऱ्या महिंद्र कंपनीने २००८ च्या सुमारास बॉश कंपनीच्या साहाय्याने ही सोय बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्यांत आणली. दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या, खेड्यापाड्यांत रुळलेल्या. गाडी थांबली, गिअर काढला, क्लचवरचा पाय उचलला की एंजिन बंद. क्लच दाबला की सुरू. २०१४ साली हिरो कंपनीने ‘स्प्लेंडर आयस्मार्ट’ या मोटारसायकलीत अशीच युक्ती आणली आणि ती शेतकऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

आता या सोयीची मर्यादाही सांगायला हवी. जिथे गाडी घडीघडी थांबते तिथेच तिचा लाभ. मोकळ्या रस्त्यावर ती जवळजवळ काहीच वाचवीत नाही. तिला लागणारी खास बॅटरी साध्या बॅटरीहून महाग असते. आणि बॅटरी उतरलेली असली किंवा एंजिन थंड असले तर यंत्रणा एंजिन बंद करीतच नाही.

एक धोका मात्र नीट ध्यानात ठेवा. डिझेल वाचवण्यासाठी काही जण घाटाच्या उतारावर एंजिन बंद करून गाडी सोडतात. तसे कदापि करू नये! एंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते, सुकाणू जड होते आणि किल्ली काढली तर ते अडकूनही बसते. चार थेंब वाचवताना जीव जायचा. वर सांगितलेल्या यंत्रणा गाडी थांबल्यावरच एंजिन बंद करतात, त्याचे कारण हेच.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही, त्यांच्या हातात किल्ली तर आहे! दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर एंजिन बंद करणे फायद्याचे, असा साधारण हिशेब आहे. चोरखमाऱ्याच्या फाटकातून नागझिऱ्याच्या जंगलात जाणारे वाहनचालक जनावर दिसले की एंजिन बंद करतात, कारण आवाजाने ते बुजते. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा धूर तर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो.

शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एक गाडी रोज फाटकापाशी जाताना दहा मिनिटे आणि येताना दहा मिनिटे एंजिन चालू ठेवून उभी राहते. उभ्या एंजिनाला तासाला अर्धा लिटर इंधन लागते असे धरा. वर्षातील ३०० दिवसांत किती इंधन वाया गेले? उत्तर येते ५० लिटर. त्या दिवशीचा पंपावरचा भाव फळ्यावर लिहा आणि रुपये मुलांनाच काढू द्या. घरी गेल्यावर बापाला नि भावाला तो आकडा सांगायला ती विसरणार नाहीत.