ज्युलिया टटल आणि मायामीची जमीन

संत्र्याच्या फुलांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. 1894-95च्या हिवाळ्यात फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, संत्र्याच्या बागा करपल्या. दक्षिणेला बिस्केन उपसागराकाठी मात्र झाडं हिरवीगार राहिली. तिथल्या ज्युलिया टटल यांनी रेल्वेमालक हेन्री फ्लॅग्लरला टवटवीत फुलं धाडली, आणि शहर वसलं! गोष्ट गोड आहे. पण तिच्यामागे बाईंचा खरा व्यवहार झाकला जातो.

क्लीव्हलँडच्या या विधवेनं 1891 मध्ये मायामी नदीच्या उत्तर तीरावर 640 एकर जमीन घेतली. तिथे तेव्हा ना रेल्वे, ना धड रस्ता. फ्लॅग्लरची गाडी शंभरेक किलोमीटर अलीकडे, वेस्ट पाम बीचला थांबायची. मग बाईंनी काय केलं? हॉटेलसाठी जागा आणि उरलेल्या जमिनीतले एकाआड एक प्लॉट त्याला दिले. आता यातली मेख बघा. रस्ते, पाणी तो आणणार आपल्या प्लॉटांसाठी; पण शेजारचा प्लॉट बाईंचा. भाव दोघांचेही चढणार! (नदीपलीकडच्या ब्रिकेल कुटुंबानंही त्याला जमीन दिली, हेही सांगायला हवं.)

एप्रिल 1896 मध्ये गाडी आली. 28 जुलैला शहर स्थापायचं मतदान झालं. मतदार तीनशेहून जास्त, सगळे पुरुष. त्यात फ्लॅग्लरच्या कामावरचे कृष्णवर्णीय मजूर पुष्कळ. टटलबाईंना मत नव्हतं, बाईमाणूस ना!

1898 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी, त्या गेल्या. डोक्यावर कर्ज होतं. ते फेडायला मुलांना उरलेली जमीन विकावी लागली.